वन्य मार्जारांचे अनुबोधपट

सिंह, वाघ, बिबट्या, चित्ता, जग्वार इ. मार्जार कुलातील मोठ्या हिंस्र पशूंचे नैसर्गिक परिसरातील जीवन प्रत्यक्ष चित्रित करून, त्याला निवेदनाची व संगीताची जोड देऊन तयार केलेले चित्रपट. अनुबोधपटांच्या या प्रकाराला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग कुटुंबांतून लाभला. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा, कोणाला संकोच वाटू नये व कोणी भिऊ नये, या बेताने तो घडत गेला. या बेतामुळे त्याचे रूप ठरले आणि त्याच्या मर्यादाही ठरल्या. पवना नदीच्या खोऱ्यातील रहाटणीसारख्या एकेकाळच्या शेतीप्रधान गावात, पिंपरी-चिंचवड महानगराचा दाट वस्तीचा भाग झाल्यानंतर, घरोघरच्या पडद्यांवर आफ्रिकेतील सिंह दिसू लागले. त्याच काळात तेथून वीस-पंचवीस किमी. वरील चाकण-खेड पट्ट्यात व त्यापलीकडील जुन्नर, आंबेगाव, शिरूर तालुक्यांतील उसाच्या मळ्यांत बिबट्या स्थिरावला होता. पडद्यावरील पशू आणि शिवारातील पशू यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले व ते कमी करण्याचे प्रयत्न कसे झाले, हा या चित्रपटांच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग होय.

प्रारंभीचा काळ : चलच्चित्राच्या जन्मानंतर लगेचच मार्जारकुलातील पशू पडद्यावर आले. ल्युम्येअर बंधूंच्या संस्थेने १८९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सिंहाचे काही क्षणांचे चित्रण केले; त्यात रक्षक गजांआडच्या सिंहाला मांस देताना दिसतो. अरण्यातील पशूचे चित्रण करणे मात्र सुलभ नव्हते. कॅमेरा अवजड होता, तो हाताने फिरवावा लागे व त्याचा आवाज होई. फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमताही अल्प होती. त्यामुळे संधिप्रकाशात व रात्री वावरणारे पशू तिच्या आवाक्याबाहेरच राहिले. या अडचणीवर काहींनी कपटाने मात केली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये शिकारीसाठी आफ्रिकेत गेले असता, शिकागो येथील विल्यम सेलिग या निर्मात्याने त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या नटाला घेऊन, स्टुडिओतच एका म्हाताऱ्या सिंहाला गोळी घालून ‘हंटिंग बिग गेम इन आफ्रिका’ हा पट तयार केला. ब्रिटिश छायाचित्रकार चेरी कीर्टन (१८७१–१९४०) यांनी आफ्रिकेत जाऊन केलेले खरे चित्रण १९१० मध्ये प्रदर्शित झाले. परंतु सेलिगच्या बनावट पटालाच अधिक लोकप्रियता मिळाली. प्रेक्षकाला जे पाहावयाचे आहे ते आणि निसर्गात जे घडते ते यांतील तफावत या प्रकाराच्या बाल्यावस्थेतच उघड झाली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या चित्रपटांवर शिकारकथांची छाप होती. मार्टिन (१८८४–१९३७) व ओसा (१८९४–१९५३) या जॉन्सन दांपत्याचा ‘सिंबा’ (१९२८) आणि मेरियन कूपर व अर्नेस्ट शोडसॅक यांनी सयाममध्ये चित्रित केलेला ‘चँग’ (१९२७) हे त्या काळातील गाजलेले पट होत. त्यांत पशू हा माणसाचा शत्रू असून बंदूक वा सापळा हा कथेचा शेवट असे. भारतात याच सुमारास वेगळी दृष्टी उदयास येत होती. वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन (१८९३–१९७०) यांनी वाटेवर आडवी तार बांधून, वाघाचा पाय लागताच कॅमेरा व प्रकाशझोत चालू व्हावा अशी योजना केली आणि रात्रीच्या वाघांची छायाचित्रे मिळविली. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. नरभक्षकांचे शिकारी म्हणून ख्याती पावलेले जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांनीही १९३० नंतरच्या दशकात चलच्चित्र कॅमेऱ्याने वाघ टिपले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घ्यावी, हा विचार अशा रीतीने भारतीय अरण्यात रुजला.

निसर्गातील घटना पडद्यावर दाखविण्याचा महाराष्ट्रातील आद्य प्रयत्न पशूंविषयीचा नव्हता. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या पहिल्या कथापटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक कालांतराने एकेक चित्र घेऊन टिपली होती. डोळ्यांना एरवी न दिसणारे निसर्गातील व्यवहार कॅमेरा दाखवू शकतो, याची प्रचीती मुंबईत अशी आली.

कौटुंबिक पटाचा साचा : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेने ‘ट्रू-लाइफ ॲडव्हेंचर्स’ ही मालिका (१९४८–६०) काढली. तिच्यातील ‘द आफ्रिकन लायन’ (१९५५) या पूर्ण लांबीच्या पटासाठी आल्फ्रेड व एल्मा मिलॉट या दांपत्याने जवळजवळ तीन वर्षे आफ्रिकेत चित्रण केले. मालिकेतील अखेरचा ‘जंगल कॅट’ (१९६०) हा पट दक्षिण अमेरिकेतील जग्वारविषयी होता. सिंहीण ही कुटुंबवत्सल आई, बछडे ही खोडकर मुले, दुष्काळ हे संकट आणि पाऊस ही सुखान्त समाप्ती, अशी रचना या पटांनी रूढ केली. शिकार दाखवावयाची; पण भक्ष्य पडताच दृश्य बदलावयाचे, रक्त व वेदना यांवर कॅमेरा रेंगाळू द्यावयाचा नाही, हा संकेतही त्यांतूनच आला. याचा मोठा लाभ झाला. ज्या पशूकडे केवळ भीतीने वा शिकारीच्या हव्यासाने पाहिले जाई, त्याच्याविषयी लहान मुलांच्या मनात आपुलकी निर्माण झाली. त्याबरोबरच कथानकासाठी वास्तवाला वळण देण्याची सवयही जडली. याच मालिकेतील ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या पटात लेमिंग हे लहान प्राणी समूहाने कड्यावरून उडी घेताना दाखविले होते; ते दृश्य घडवून आणलेले होते, हे १९८२ मध्ये कॅनडातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघडकीस आणले.

या साच्याला संरक्षणाच्या विचाराची जोड यूरोपातून मिळाली. बेर्नहार्ट गर्झिमेक (१९०९–८७) व त्यांचे पुत्र मिखाएल यांच्या सेरेंगेटीवरील जर्मन अनुबोधपटाने (१९५९) तेथील पशुसृष्टीचा प्रश्न जगापुढे मांडला व ऑस्कर पुरस्कार मिळविला. चित्रणकाळातच विमान अपघातात मिखाएल यांचा मृत्यू झाला. जॉय ॲडम्सन यांच्या पुस्तकावर आधारलेला ‘बॉर्न फ्री’ (१९६६) हा कथापट असला, तरी पाळलेली सिंहीण पुन्हा रानात सोडण्याच्या त्याच्या कथेने कौटुंबिक प्रेक्षकांवर खोल परिणाम केला. ब्रिटिश नभोवाणी मंडळाने (बीबीसी) ब्रिस्टल येथे १९५७ मध्ये स्थापन केलेल्या निसर्गविज्ञान विभागाने दीर्घकाळ निरीक्षण करून, शास्त्रज्ञांच्या साहाय्याने चित्रण करण्याची परंपरा निर्माण केली. डेव्हिड ॲटनबरो यांचे संयत निवेदन हा तिचा विशेष होय. पुढे ‘बिग कॅट डायरी’ (१९९६ पासून) या मालिकेने केन्यातील विशिष्ट सिंह, बिबटे व चित्ते यांच्या जीवनाचा दिवसेंदिवस मागोवा घेतला. डिझ्नीने ‘आफ्रिकन कॅट्स’ (२०११) व ‘टायगर’ (२०२४) या पटांद्वारे जुना कौटुंबिक साचा नव्या तंत्राने पुढे चालविला. दुसऱ्या पटाची नायिका भारतातील अंबर नावाची वाघीण आहे.

या सर्व वाटचालीत एक गोष्ट समान राहिली. शिकारपटांतून बंदूकधारी माणूस गेला, हे इष्टच झाले. परंतु त्याच्याबरोबर त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा गुराखी, शेतकरी व वनवासीही चित्रचौकटीबाहेर गेला. निर्मनुष्य अरण्य हेच पशूचे खरे घर, असे चित्र प्रेक्षकांच्या मनात ठसले.

भारतातील वाटचाल : स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य पटापूर्वी दाखविणे सक्तीचे होते, ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. वन्यजीवांविषयीच्या पटांना वेग आला तो मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ संमत झाल्यानंतर व १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पास आरंभ झाल्यानंतर. पहिल्या नऊ व्याघ्रक्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. संरक्षणामुळे रणथंभोर व कान्हा येथील वाघ दिवसाही निर्भयपणे वावरू लागले आणि चित्रण शक्य झाले. बेलिंडा राइट व स्टॅन्ली ब्रीडन यांचा ‘लँड ऑफ द टायगर’ (१९८५) हा नॅशनल जिऑग्राफिक संस्थेसाठी केलेला पट याच क्षेत्रांतील असून त्याला एमी पुरस्कार लाभला. याच नावाची बीबीसीची सहा भागांची मालिका (१९९७) वाल्मीक थापर (१९५२–२०२५) यांनी सादर केली. एस्. नल्लमुथू यांनी रणथंभोरच्या मछली या वाघिणीवर अनेक वर्षे चित्रण करून ‘टायगर क्वीन’ (२०१०) इ. पट निर्माण केले. २०२४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व लवकरच ते पुणे परिसरातही दिसू लागले. वन्यजीवविषयक नियतकालिक ‘सँक्च्युअरी’ (स्थापना १९८१) चे संपादक बिट्टू सहगल यांनी दूरदर्शनसाठी संरक्षणविषयक मालिका निर्माण केल्या. तारवाहिन्यांच्या प्रसारानंतर डिस्कव्हरी (१९९५), नॅशनल जिऑग्राफिक (१९९८) व ॲनिमल प्लॅनेट (१९९९) या वाहिन्या भारतात आल्या आणि वन्य मार्जारांचे पट ही रोजची बाब झाली. मराठी वाचकांची पूर्वतयारी तत्पूर्वीच झाली होती. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) व मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनातून रान, रानातील पशू आणि रानाशेजारची माणसे एकत्रच भेटत होती. वाहिन्यांवरील पटांत यांपैकी शेवटचा घटक बहुधा नसे.

महाराष्ट्रातील व्याघ्रपट : विदर्भातील ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान (१९५५). ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या (१९९५) क्षेत्रातील तळी व बांबूची बने यांमुळे तेथे चित्रण सुकर होते. तेथील माया या वाघिणीवरील ऐश्वर्या श्रीधर यांचा ‘द क्वीन ऑफ तारू’ हा पट उल्लेखनीय आहे. सीमेवरील पेंचच्या मध्य प्रदेशातील भागात बीबीसीने ‘टायगर : स्पाय इन द जंगल’ (२००८) या मालिकेसाठी हत्तींच्या सोंडेतून व सुळ्यांवरून कॅमेरे नेण्याची युक्ती योजिली. हत्तीला वाघ बुजत नसल्याने बछड्यांची अगदी जवळून दृश्ये त्यामुळे मिळाली.

या काळात वाघांना नावे देण्याचा प्रघात पडला. नाव मिळालेला वाघ प्रेक्षकांना घरचा वाटू लागतो. नागझिऱ्याहून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आलेला जय हा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. याची दुसरी बाजू यवतमाळ जिल्ह्यात दिसली. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचा संबंध जोडला गेला, ती वाघीण वन विभागाच्या नोंदीत टी-१ होती, तर शहरांत ती अवनी या नावाने ओळखली गेली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली, तेव्हा मोठ्या शहरांतून निषेध झाला. त्या भागातील गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच पशूची ही दोन नावे म्हणजे पडद्यावरून पाहणारे व शेजारी राहणारे अशा दोन समाजांतील अंतराची खूण होय.

पुणे जिल्ह्यातील बिबट्या व त्याचे चित्रण : वाघांच्या चित्रणाला संरक्षित अरण्याची चौकट उपलब्ध होती, बिबट्याच्या बाबतीत ती तोकडी पडली. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे या धरणांमुळे जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांचा मोठा भाग ओलिताखाली आला व तेथे ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने उभे राहणारे हे उंच, दाट पीक म्हणजे आडोसा, पाणी व गारवा यांचे स्थान. भोवती कुत्री, डुकरे, शेळ्या यांच्या रूपाने भक्ष्य विपुल. अशा शिवारात जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्यांनी अरण्य पाहिलेलेच नसते. या बिबट्याला ‘रानातून भरकटलेला’ मानण्याची समजूत दीर्घकाळ प्रचलित होती आणि उपायही तिला अनुसरूनच योजिले जात : पिंजरा लावून त्याला पकडावयाचे व दूरच्या अरण्यात सोडावयाचे.

या उपायाचे परिणाम जुन्नर वन विभागात दिसून आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून अन्यत्र सोडण्याचे धोरण अवलंबिल्यानंतर, २००१–०३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली व हल्ल्यांपैकी प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्के झाले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात घायाळ झालेला, माणसाच्या सान्निध्याने बिथरलेला पशू अधिक धोकादायक ठरतो व मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो, असा याचा अर्थ लावण्यात आला. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात स्वयंचलित कॅमेरे लावून याच गटाने केलेल्या पाहणीत, शेतीवाडीच्या दाट वस्तीतही दर १०० चौ. किमी. मध्ये सु. ५ प्रौढ बिबटे आढळले (२०१३). त्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के असून एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बिबट्यांच्या सरसकट स्थलांतराला परावृत्त करण्यात आले.

या अभ्यासातूनच महाराष्ट्रातील बिबट्याची सर्वांत प्रसिद्ध कथा पुढे आली. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराला २००९ मध्ये बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान कळविणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. महिन्याभरात सु. १२० किमी. चालून, रेल्वेमार्ग व महामार्ग ओलांडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. एवढ्या प्रवासात त्याने कोणाही माणसावर हल्ला केला नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावावरून सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ (२०१४) हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला; उर्मिला मातोंडकर यांनी त्यात संशोधिकेची भूमिका केली. हा कथापट असला, तरी बिबट्याचा प्रश्न मराठी कुटुंबांपर्यंत मराठीतून नेण्याचे कार्य त्याने केले.

अनुबोधपटांचा दृष्टिकोनही याच सुमारास बदलला. सरीसृपतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांनी सादर केलेल्या ‘लेपर्ड्‌स : ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कॅट्स’ (बीबीसी, २०१३) या पटाचा विषयच माणसांच्या वस्तीत राहणारा बिबट्या हा होता. त्यानंतर ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेतील शहरांविषयीच्या भागात (२०१६) मुंबईच्या वस्त्यांलगत रात्री डुकरांची शिकार करणारे बिबटे जगभरातील घरांतून पाहिले गेले. सु. १०४ चौ. किमी. च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे नोंदले गेले होते. तेथे वन विभागाने २०११ मध्ये नागरिकांच्या सहकार्याने लोकशिक्षणाचा उपक्रम सुरू केला होता. कचरा उघड्यावर टाकू नये, रात्री मुलांना एकटे बाहेर पाठवू नये, बिबट्या दिसताच गर्दी करू नये, ही त्याची सूत्रे होती.

चित्रणतंत्र : वस्तीतील बिबट्याचे चित्रण साध्या कॅमेऱ्याने साधत नाही, कारण तो बहुतांशी रात्री फिरतो व माणसाची चाहूल लागताच दबून बसतो. त्यासाठी तीन साधने वापरली जातात. हालचाल वा शरीराची उष्णता जाणवताच आपोआप चालू होणारे कॅमेरे पायवाटांवर, ओढ्याकाठी वा बांधावर बसवितात. ठिपक्यांच्या रचनेवरून त्यांत प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे पशू विचलित होत नाही. उष्णतेचे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात काळोख्या झुडपातील उबदार शरीर उजळून दिसते. यांत अलीकडे घरे, सोसायट्या व कारखाने यांवरील पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांची भर पडली. मुंबईतील आरे वसाहतीत सप्टेंबर २०२१ मध्ये एका वृद्धेने हातातील काठीने बिबट्याला परतविल्याचे दृश्य अशाच कॅमेऱ्याने टिपले. मार्च २०२२ मध्ये चाकण येथील एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला व काही तासांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडण्यात आले, तेव्हाही आधी प्रकाशात आली ती कारखान्यातील दृश्येच. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत चित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते; अधिवासात बदल किंवा पशूंना उपद्रव होता कामा नये, अशी अट असते. शेतात वा रस्त्यावर दिसलेल्या बिबट्याभोवती भ्रमणध्वनी घेऊन जमणाऱ्या जमावाला मात्र असा कोणताच धरबंध राहत नाही आणि कोंडीत सापडलेला बिबट्या अशा वेळीच माणसांवर उलटतो.

बछड्यांच्या पुनर्भेटीचे चित्रण : पुणे, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांत हिवाळ्यात ऊसतोडणी सुरू झाली, की फडात पाचटाखाली बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी ती सरळ उचलून नेली जात. पिल्ले जन्माची बंदिस्त होत व त्यांना शोधणारी मादी वस्तीभोवती आक्रमक होऊन फिरे. पुढे जुन्नरजवळील माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक व वन कर्मचारी यांनी निराळी पद्धत रूढ केली. पिल्लांची तपासणी करून त्यांना सापडलेल्या ठिकाणीच संध्याकाळी एका खोक्यात ठेवतात, फडातील काम थांबवितात, माणसांना दूर करतात व जवळ स्वयंचलित कॅमेरा लावतात. बहुधा रात्रीतून मादी येते, खोके कलंडते, मानगूट अलगद तोंडात धरून एकेक पिल्लू नेते. काही मिनिटांच्या या ध्वनिरहित, करड्या दृश्यांना संगीत नाही की निवेदन नाही. तरी कौटुंबिक वन्यजीवपटाचे मातृत्व, संकट व सुखान्त हे सर्व घटक त्यांत आहेत. शिवाय जुन्या पटांतून वगळलेला माणूस येथे आहे : कोयता बाजूला ठेवून थांबलेला ऊसतोडणी कामगार, एका दिवसाचे काम लांबणीवर टाकणारा शेतकरी व रात्रभर दूर उभा असलेला वनरक्षक.

मूल्यमापन : वन्य मार्जारांच्या कौटुंबिक पटांनी शिकारीच्या प्रतिष्ठेला उतरती कळा लावली व संरक्षणाच्या कायद्यांमागे लोकमत उभे केले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आणि, प्रामुख्याने वनक्षेत्रांच्या पाहणीवरून, १,९८५ बिबटे आहेत. ही संख्या टिकण्यामागे नागरी मध्यमवर्गाच्या सहानुभूतीचाही वाटा आहे. तथापि या सहानुभूतीची किंमत प्रामुख्याने ग्रामीण माणूस मोजतो. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले व एक वृद्धा यांचा बळी गेला. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले व अखेरीस वन विभागाने एका बिबट्याला गोळ्या घालून ठार केले. रात्रपाळीने उसाला पाणी देणारा शेतकरी, मळ्यातील घरापासून शाळेपर्यंत चालत जाणारे मूल, उघड्यावर खोपट बांधून राहणारे तोडणी कामगाराचे कुटुंब यांची भीती खरी आहे. जो पट केवळ पशूची बाजू मांडतो, तो या माणसांना परका वाटतो व त्याचा उपदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

सह्याद्रीच्या परिसरात सहवासाची जाण जुनीच आहे. मराठी बोलीत पट्टेरी वाघ व बिबट्या या दोघांनाही ‘वाघ’ असे म्हणतात. वारली, महादेव कोळी, ठाकर इ. समाजांत वाघोबाची पूजा रूढ असून दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस काही भागांत अद्यापि पाळली जाते. वाघोबा हा प्रेमाने कुरवाळण्याचा किंवा द्वेषाने मारण्याचा देव नव्हे. त्याचा मान राखावयाचा, त्याची वाट सोडावयाची आणि आपली गुरे राखावयाची, असा त्या पूजेतील व्यवहार आहे. शहरी कुटुंबांचे अनुबोधपट या जाणिवेपर्यंत शास्त्रीय अभ्यासाच्या मार्गाने उशिरा पोहोचले. पिंपरी-चिंचवड व चाकण यांची वस्ती चोहोबाजूंनी पसरत असून शेत, कारखाना व गृहसंकुल यांच्या सीमा एकमेकींत मिसळल्या आहेत. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला सेरेंगेटीच्या सिंहाइतकीच आपल्या जिल्ह्यातील बिबट्याची ओळख हवी : तो कोठे राहतो, काय खातो, कधी फिरतो, त्याच्यापासून स्वतःला कसे जपावयाचे व तो दिसला असता काय करू नये. ही ओळख मराठीतून, भडकपणा टाळून आणि माणसाला चित्रचौकटीत ठेवून करून देणारे पट संख्येने थोडे आहेत. या प्रकाराच्या महाराष्ट्रातील पुढील विकासाची दिशा त्यांतूनच सूचित होते.